दास्यविमोचनाच्या सभा : फिलाडेल्फिया ते चरी

आपल्या समाजाचे वार्षिक संमेलन जवळ आले म्हणजे एक प्रश्न हटकून कानी येतो. "दरवर्षी सभा भरते, ठराव होतात, वर्गणी गोळा होते, गुणवंतांचे सत्कार होतात, स्मरणिका निघते, पण या सगळ्यातून निष्पन्न काय होते?" प्रश्न विचारणारा मनुष्य बहुधा समाजाचा हितचिंतकच असतो, म्हणून त्याला उडवाउडवीचे उत्तर देणे योग्य नव्हे. सभा भरविणे, वर्गणी जमविणे, पत्रक छापणे ही साधनेच हाती घेऊन काही माणसांनी एके काळी चाळीस लक्ष गुलामांच्या मुक्तीसाठी झुंज दिली, आणि त्यांच्या कार्याचा पडसाद पुण्यास व तेथून महाराष्ट्रभर उमटला, ही हकिकत सांगितल्यास त्या प्रश्नाला काही अंशी उत्तर मिळेल असे वाटते.

अमेरिकेतील संस्थानांनी १७७६ साली इंग्रजांचे जोखड झुगारले तेव्हा सर्व माणसे समान आहेत असे त्यांनी जगाला जाहीर केले. परंतु ज्या हातांनी ते लिहिले त्यांपैकी अनेकांच्या घरी गुलाम राबत होते. आफ्रिकेतून जहाजांत कोंबून आणलेल्या माणसांची व त्यांच्या संततीची दक्षिणेकडील संस्थानांत गुराढोरांप्रमाणे खरेदी-विक्री होई. आईपासून मूल व नवऱ्यापासून बायको तोडून विकता येत असे. गुलामांना अक्षरओळख करून देणे हा दक्षिणेत अनेक ठिकाणी कायद्याने गुन्हा होता. कापसाचे पीक जसजसे वाढत गेले तसतशी ही प्रथा अधिक घट्ट झाली. आणि उत्तरेकडील व्यापारी, गिरणीमालक व धर्मोपदेशक यांपैकी बहुतेक जण "हा त्यांच्या घरचा प्रश्न" असे म्हणून स्वस्थ बसले होते.

अशा काळात बोस्टन शहरी विल्यम लॉईड गॅरिसन नावाच्या एका गरीब मुद्रकाने १ जानेवारी १८३१ रोजी 'लिबरेटर' म्हणजे 'मुक्तिदाता' हे साप्ताहिक काढले. भांडवल जवळजवळ नव्हतेच. प्रारंभीचे वर्गणीदार बहुसंख्येने स्वतंत्र कृष्णवर्णीय नागरिक होते. त्यांच्या पै-पैशावर पत्र तरले. पुढील वर्षी जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत, बोस्टनमधील कृष्णवर्णीयांच्या प्रार्थनामंदिरातील शाळेच्या खोलीत बारा जणांनी एका घटनापत्रकावर सह्या केल्या आणि न्यू इंग्लंड प्रांताची गुलामगिरीविरोधी मंडळी स्थापन झाली. बारा माणसांची ही संस्था! तिच्याकडे ना इमारत, ना निधी.

डिसेंबर १८३३ मध्ये फिलाडेल्फिया येथे साऱ्या देशाची परिषद भरली. साठांहून अधिक प्रतिनिधी आले. त्यांत गोरे होते, काही कृष्णवर्णीय होते, आणि लुक्रेशिया मॉट यांच्यासारख्या काही स्त्रियाही उपस्थित होत्या. रात्रीच्या सभेस संरक्षण देता येणार नाही असा इशारा मिळाल्यामुळे सभा दिवसाउजेडी उरकाव्या लागल्या. या परिषदेतून 'अमेरिकन गुलामगिरीविरोधी संस्था' जन्मास आली. तिची मागणी एका वाक्यात सांगता येण्याजोगी होती : गुलामगिरी तत्काळ नष्ट झाली पाहिजे, आणि मालकांना माणसांची किंमत म्हणून नुकसानभरपाई देता कामा नये. साधन मात्र शस्त्र नव्हे. समजूत घालणे, बोलणे, लिहिणे व अर्ज करणे.

या संस्थेची कार्यपद्धती आपण लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. मध्यवर्ती मंडळाने पगारी प्रचारक नेमले. थिओडोर वेल्ड यांच्यासारखे वक्ते गावोगाव हिंडत, एकाच गावी कित्येक संध्याकाळी ओळीने बोलत, आणि निघण्यापूर्वी त्या गावात शाखा स्थापन करीत. शाखा म्हणजे अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, सभासदांची यादी आणि सभेचा वृत्तांत लिहिण्याची वही. पाच वर्षांत अशा तेराशेहून अधिक शाखा उभ्या राहिल्या व सभासदांची संख्या अडीच लाखांच्या घरात गेली असे सांगतात. १८३५ साली संस्थेने लक्षावधी पत्रके टपालाने पाठविली. दक्षिणेतील चार्ल्सटन शहरी जमावाने टपालकचेरीतून ती पळवून त्यांची होळी केली. पण कागद जाळणाऱ्यांनी त्या कागदाची कीर्ती मात्र देशभर नेली.

तिसरे साधन अर्जांचे. सभासद घरोघर जाऊन सह्या घेत आणि असे हजारो अर्ज राष्ट्रीय कायदेमंडळाकडे धाडीत. कायदेमंडळ इतके वैतागले की १८३६ साली त्याने असे अर्ज विचारातच घ्यावयाचे नाहीत असा नियम केला. जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स या वृद्ध माजी राष्ट्राध्यक्षांनी सभागृहात आठ वर्षे झगडून १८४४ साली तो नियम रद्द करविला. ज्यांना गुलामांविषयी फारशी आस्था नव्हती अशा लोकांनाही या प्रकरणात आपल्याच अर्जाच्या हक्कावर गदा आल्याचे जाणवले आणि ते चळवळीकडे वळले.

हे अर्ज घेऊन दारोदार फिरणाऱ्यांत स्त्रियांचा भरणा मोठा होता. त्यांनी आपल्या वेगळ्या मंडळ्या काढल्या. शिवणकाम करीत करीत एकीने वाचावे व इतरांनी ऐकावे, तयार झालेल्या वस्तूंची वर्षातून एकदा जत्रा भरवावी, आणि आलेला पैसा संस्थेस द्यावा, असा त्यांचा क्रम होता. बोस्टनच्या स्त्रियांची ही जत्रा संस्थेच्या मिळकतीचे एक भरवशाचे साधन ठरली. आपल्याकडील महिला मंडळांना कोणी 'शिवणटिपण' म्हणून हिणवीत असेल, तर त्याने हा इतिहास अवश्य ध्यानी घ्यावा.

सभा भरविणे म्हणजे त्या दिवसांत जिवाशी खेळ होता. २१ ऑक्टोबर १८३५ रोजी बोस्टनमध्ये स्त्रियांच्या सभेवर जमाव चालून आला. गॅरिसन यांना दोरीने बांधून रस्त्यातून ओढीत नेले, आणि त्यांचा जीव वाचावा म्हणून नगरपालांना त्यांना तुरुंगात ठेवावे लागले. नोव्हेंबर १८३७ मध्ये इलिनॉय प्रांतातील ऑल्टन गावी एलायजा लव्हजॉय हे संपादक आपला छापखाना राखताना मारले गेले. त्यापूर्वी त्यांची यंत्रे जमावाने वारंवार मोडली होती व त्यांनी प्रत्येक वेळी नवे यंत्र मागविले होते. फिलाडेल्फियाच्या मंडळींनी सभागृह भाड्याने मिळेना म्हणून वर्गणीतून स्वतःचे भव्य सभागृह बांधले. १४ मे १८३८ रोजी त्याचे उद्घाटन झाले, आणि १७ मेच्या रात्री जमावाने ते जाळून भस्म केले. दुसऱ्या दिवशी स्त्रियांची परिषद एका शाळेच्या जागेत भरली व तिने आपले उरलेले कामकाज पुरे केले.

तथापि या संस्थेत दोष नव्हते असे मुळीच नाही, आणि तेही सांगणे इतिहासाचे कर्तव्य आहे. १८४० साली अ‍ॅबी केली या बाईंची कामकाज समितीवर निवड होताच, स्त्रीने पुरुषांबरोबर समितीत बसावे काय या वादावर कित्येक जण उठून गेले व संस्था दुभंगली. दुसरा दोष अधिक सूक्ष्म होता. दास्यातून पळून आलेले फ्रेडरिक डग्लस १८४१ च्या ऑगस्टमध्ये नँटकेट बेटावरील सभेत प्रथमच मोठ्या श्रोतृसमुदायापुढे बोलले, आणि त्यांच्या वाणीने सारी सभा हेलावून गेली. संस्थेने त्यांना प्रचारक नेमले. परंतु काही गोऱ्या सहकाऱ्यांची अपेक्षा अशी की त्यांनी केवळ आपली दुःखकथा सांगावी. तिचा अर्थ लावण्याचे काम आम्ही करू. डग्लस यांनी हे मानले नाही. त्यांनी पुढे स्वतःचे पत्र काढले व स्वतःच्या बुद्धीने मते मांडली. ज्याच्यासाठी संस्था चालते त्याला व्यासपीठावर बसवावयाचे, पण बोलू द्यावयाचे नाही, हा रोग त्या काळापुरता अगर त्या देशापुरता नाही.

पुढे १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले. १ जानेवारी १८६३ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी बंडखोर संस्थानांतील गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढला आणि डिसेंबर १८६५ मध्ये घटनादुरुस्तीने गुलामगिरी साऱ्या देशातून नष्ट झाली. तेव्हा संस्थेपुढे एक विलक्षण प्रश्न उभा राहिला. गॅरिसन म्हणाले, आपले कार्य संपले, संस्था विसर्जित करावी. वेंडेल फिलिप्स आणि डग्लस म्हणाले, बेडी तुटली खरी, पण मताचा हक्क नाही, तोवर मुक्ती अपुरी आहे. सभासदांनी दुसरा पक्ष उचलून धरला. कृष्णवर्णीय पुरुषांना मताधिकार देणारी दुरुस्ती झाल्यावर १८७० साली संस्थेने स्वतःचे विसर्जन केले.

त्या युद्धाची झळ आपल्या किनाऱ्यालाही लागली होती. अमेरिकेचा कापूस बंद पडल्यामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. घाटावरचा माल बैलांवर व गाड्यांवर लादून बोरघाटाने पनवेल बंदरी उतरवावा व गलबतांनी मुंबईस न्यावा ही जुनी वहिवाट होती, आणि युद्धाच्या वर्षांतच बोरघाटातून आगगाडी धावू लागली. दूर देशीच्या गुलामाच्या बेडीची किंमत अशी मुंबईच्या बाजारात मोजली जात होती. पण कापसाच्या गाठींपेक्षा मोलाची एक वस्तू त्या देशाकडून महाराष्ट्राने घेतली. ती म्हणजे उदाहरण.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि तो अर्पण केला अमेरिकेतील त्या सज्जनांना, ज्यांनी निःस्वार्थ बुद्धीने कृष्णवर्णीयांच्या मुक्तीसाठी कष्ट केले. त्यांचा धडा घेऊन आपल्या देशबांधवांनीही शूद्रातिशूद्रांना दास्यातून सोडवावे, अशी आशा जोतीरावांनी तेथे व्यक्त केली आहे. ब्रिटिश हिंदुस्थानात १८४३ च्या कायद्यानेच गुलामगिरीला कोर्टाची मान्यता उरली नव्हती, हे येथे लक्षात ठेवावे. म्हणजे कायद्याच्या पुस्तकात गुलाम नव्हता. तरीही जोतीरावांनी ग्रंथाला 'गुलामगिरी' हेच नाव दिले. विद्या नाकारून, धर्माची भीती घालून, पिढ्यान्‌पिढ्या राबवून घेतलेल्या माणसाची बेडी डोळ्यांना दिसत नाही इतकेच, हा त्यांचा सिद्धान्त होता.

त्याच वर्षी २४ सप्टेंबर रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. या समाजाचे कार्यही सभा व वर्गणी यांवरच चाले. सभासद नियमाने जमत. शिक्षणाचा प्रसार, पुरोहितावाचून विवाह, लग्नखर्चाची काटछाट, व्यसनबंदी यांची चर्चा करीत. विद्यार्थ्यांना मदत व निबंधांना बक्षिसे देत. समाजाचे दार कोणत्याही जातीला बंद नव्हते. १८७७ च्या दुष्काळात समाजाने पुण्याजवळ धनकवडी येथे मुलांसाठी अन्नाची सोय केली. त्याच साली कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधु' पत्र सुरू केले, आणि पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईत चालवून गिरणी कामगारांना आपल्या सभा भरविण्यास शिकविले. गिरण्यांना १८९० साली मिळालेली रविवारची सुटी हे त्या सभांचेच फळ होय.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. कोकणातील कुळांची स्थिती आपल्या आजोबा-पणजोबांना कोणी पुस्तकातून सांगावी लागली नाही. खोताच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या कसावे, समुद्राचे पाणी बांध घालून थोपवावे, खारजमिनीला भातजमीन करावे, आणि पीक हाती आले की खंडापोटी मोठा वाटा खोताच्या खळ्यावर घालावा. वर खोताच्या घरची वेठ निराळी. कसणाऱ्याचे नाव सरकारी दप्तरात कूळ म्हणून लागत नसे, आणि खंड भरल्याची पावती मिळेलच असाही नेम नव्हता. दप्तरी नाव नाही म्हणजे हक्क नाही. चार्ल्सटनच्या बाजारातील विक्री येथे होत नव्हती. या दोन दुःखांची तुलना करताना इतका विवेक आपण राखलाच पाहिजे. पण राबणाऱ्याच्या श्रमाचा धनी दुसराच, ही गोष्ट दोन्हीकडे सारखी होती.

अशा स्थितीत नारायण नागू पाटील ऊर्फ आप्पासाहेब यांनी गावोगाव शेतकऱ्यांच्या सभा भरविल्या. त्यांच्या भाषणांवर बंदी आली, तीही त्यांनी सोसली. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातील चरी येथे सभा झाली, आणि खोतांच्या जमिनी कसावयाच्या नाहीत असा निर्धार झाला. फिलाडेल्फियाच्या परिषदेला त्या वेळी शंभर वर्षे पुरी होत आली होती. पंचवीस गावे संपात उतरली. शेते ओसाड पडली, बांध फुटले, चुली थंड पडल्या. लोकांनी लाकूडफाटा विकून, मासळी धरून, मिळेल ती मोलमजुरी करून दिवस काढले, पण सभेत दिलेला शब्द मोडला नाही. हा संप १९३९ पर्यंत चालला. १९३७ साली 'कृषीवल' पत्र निघाले व शेतकऱ्याला स्वतःचा कागद मिळाला.

येथे एक गोष्ट आवर्जून नमूद केली पाहिजे. संप करणारी कुळे बहुसंख्येने आगरी होती. परंतु त्यांच्या पाठीशी उभे राहिलेले भाई अनंतराव चित्रे हे आगरी नव्हते. १६ डिसेंबर १९३४ रोजी चरी येथील शेतकऱ्यांच्या सभेस येऊन संपाला बळ देणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर आगरी नव्हते. त्यांनीच १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी कौन्सिल हॉलवर चालून गेले तेव्हा त्या मोर्चाचे नेतृत्व केले. पुढे १९३९ चा कूळकायदा, १९४८ चा अधिक व्यापक कायदा, १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन या पायऱ्यांनी कसणारा जमिनीचा मालक झाला. ज्या जमिनींच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आपल्या भागातील शेतकरी जासईच्या परिसरात उभे राहिले आणि पाच जणांनी प्राण दिले, त्या जमिनींवर आपले नाव लागावे यासाठी आधीच्या पिढीने दीर्घकाळ झगडा केला होता. साडेबारा टक्क्यांचा भूखंड मिळविताना जो सात-बारा पुढे केला, त्यामागे चरीच्या ओसाड शेतांची पुण्याई आहे.

मग आपले कार्य संपले काय? १८६५ साली गॅरिसनपुढे जो प्रश्न उभा राहिला तोच आज आपल्या संस्थेपुढे आहे. आपली बेडी तुटली. परंतु आपल्याच तालुक्याच्या डोंगरकडेला कातकरी वाड्या आहेत. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा उचल घ्यावयाची, दिवाळीनंतर बायकामुलांसह वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जावयाचे, आणि हंगामाअखेर हिशेबात उचल तशीच शिल्लक निघावयाची, हा अनेक कातकरी कुटुंबांचा क्रम आहे. हिशेबाची वही मालकाकडे, अंगठा मजुराचा. वेठबिगार पद्धती नष्ट करणारा कायदा १९७६ साली झाला व तो २५ ऑक्टोबर १९७५ पासून अंमलात आल्याचे धरले गेले. त्या कायद्याने असे कर्जच रद्द ठरते, आणि मजुराला त्यासाठी अडकविणे हा गुन्हा ठरतो. तरी नुसत्या कायद्याने काय होते, हे १८४३ चा कायदा व १८७३ चा ग्रंथ यांची साले शेजारी ठेवून पाहावे.

आपल्या शेजारच्या, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील वसई तालुक्यात, विवेक व विद्युल्लता पंडित या दाम्पत्याने १९८० नंतरच्या वर्षांत आदिवासी वेठबिगारांना या कायद्याची ओळख करून दिली, त्यांची श्रमजीवी संघटना उभारली आणि अनेकांची सुटका करविली. १९९९ साली लंडनच्या गुलामगिरीविरोधी संस्थेने त्यांना आपला पुरस्कार दिला. ही संस्था १८३९ साली स्थापन झालेल्या मंडळीचा वारसा सांगते. तिने १८४० साली भरविलेल्या जागतिक परिषदेत अमेरिकेच्या स्त्री-प्रतिनिधींना सभेत जागा नाकारली गेली, म्हणून गॅरिसन निषेधार्थ त्यांच्यासोबत बाजूला जाऊन बसले होते. ज्या संस्थेकडे आपण परदेशीचा इतिहास म्हणून पाहतो, तिला विसावे शतक सरताना आपल्या खाडीपलीकडे काम सापडले, ही गोष्ट अंतर्मुख करणारी आहे.

समाजबांधवांनो, आपल्यापैकी कोणाची भट्टी असेल, कोणाचा इमारतीचा ठेका असेल, कोणाच्या शेतावर अगर घरी उचलीचा मजूर असेल. त्याच्या हिशेबाची वही एकदा आपल्या मुलीसमोर उघडून ठेवावी. ती आज शिकलेली आहे. तिला ती वाचता येईल. त्या वहीत लिहिलेले तिला मान खाली घालावयास लावीत असेल, तर आपल्या पणजोबांच्या खळ्यावरील खोत कोठे नाहीसा झाला, याचा शोध आपणास घरातच लागेल.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. सभेतून निष्पन्न काय होते? बारा माणसे जमून सही करतात तेव्हा त्या दिवशी काहीच निष्पन्न होत नाही. चरीस हात वर झाले त्या दिवशीही काही निष्पन्न झाले नाही. दुसऱ्या दिवशी उपास मात्र सुरू झाला. पण सभेची वही राहते, दिलेला शब्द राहतो, आणि तो पाळणारी माणसे एकमेकांना ओळखू लागतात. आपल्या संमेलनात या वर्षी एक ठराव अवश्य यावा : आपल्या तालुक्यातील कातकरी कुटुंबांना जातीचे दाखले, शिधापत्रिका व मुलांची शाळा मिळवून देण्यास आपले सुशिक्षित तरुण वर्षातील काही रविवार देतील, उचलीच्या हिशेबात अडकलेल्या मजुराची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत पोचविण्यास संस्था साहाय्य करील, आणि त्या चर्चेच्या वेळी व्यासपीठावर वाडीतील माणूस बसेल व बोलेलही.

आपल्या दुःखात चरीला परके येऊन उभे राहिले. त्या ऋणाची परतफेड त्यांना करता येणार नाही. ते आज हयात नाहीत. ती पुढच्या माणसालाच करावी लागते. या वर्षीच्या सभेच्या वहीत तिचा पहिला आकडा पडावा, इतकीच प्रार्थना.